एचपीचं बिल आपण भोगलंय, आता तेच घराच्या मीटरला नको



दोन दिवस उघडीप आहे. कांद्याच्या रोपाला काल हलकं पाणी दिलं, मर दिसत नाही. लागवडीला अजून तीन आठवडे. रानातलं एवढंच. आज विषय विजेच्या बिलाचा आहे आणि जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

परवा चाकणच्या बाजारात एक जण भेटला. म्हणाला, "तुमची मोटार फुकट, तुम्हाला कसली आलीय बिलाची चिंता?" साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल एप्रिल 2024 पासून सरकार भरतंय, हे खरं आहे. मार्च 2029 पर्यंत ती योजना आहे. पण शेतकऱ्याकडं काय एक मोटारच असते का? घराचं मीटर आहे, गोठ्यात कडबाकुट्टी आहे, कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणाची पोल्ट्री. आणि आपल्या ह्या पट्ट्यात, नाणेकरवाडीपासून महाळुंग्यापर्यंत, जमिनी एमआयडीसीत गेल्यावर अर्ध्या गावाचा संसार कामगारांना दिलेल्या खोल्यांवर चालतोय. प्रत्येक खोलीला मीटर. त्या प्रत्येक मीटरवर एक ओळ असते, तिच्याबद्दल मला बोलायचंय. ती ओळ म्हणजे "स्थिर आकार".

बिल हातात घ्या. युनिटच्या वर ती ओळ असते. घरगुती सिंगल फेजला 1 एप्रिल 2020 पासून हा आकार महिन्याला 100 रुपये होता. 2023-24 ला 116 झाला, 2024-25 ला 128. थ्री फेजला ह्याच्या तिपटीच्या वर. बल्ब लावा नाहीतर अंधारात बसा, हा आकार तेवढाच येतो. दारिद्र्यरेषेखालच्या गटाला तो कमी आहे, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल अर्धंच सांगितलं.

रक्कम ऐकायला लहान वाटते. म्हणून हिशेब करून बघू. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटला 4 रुपये 71 पैसे आणि वर वहन आकार 1 रुपया 17 पैसे. म्हणजे युनिट पडलं 5 रुपये 88 पैशाला. वीज शुल्क आणि बाकीचं बाजूला ठेवू.

माझ्या एका खोलीत दोन पोरं राहतात, कंपनीत शिफ्टला जातात. महिन्याला 40 युनिट. विजेचे झाले 235, स्थिर आकार 128, एकूण 363. म्हणजे बिलातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा विजेचा नाहीच. आता त्या पोरांनी पंखा जपून वापरला, युनिट निम्मे केले, 20 वर आणले. बिल निम्मं होईल? नाही. ते 246 होईल. वापर शंभरातला पन्नास कमी केला, बिल बत्तीसच कमी झालं. आणि शेजारच्या बंगल्यात 400 युनिट जळत असतील तर त्याच 128 रुपयांचा भार त्याच्या युनिटमागं 32 पैसे पडतो. पोरांच्या युनिटमागं 3 रुपये 20 पैसे.

कांदेवाल्यांसाठी दुसऱ्या भाषेत सांगतो. बाजार समितीत हमाली-तोलाई मालावर असते. दोन पिशव्या नेल्या तर दोन पिशव्यांची, ट्रक नेला तर ट्रकाची. उद्या कुणी नियम काढला की फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकानं 500 रुपये द्यायचे, मग माल कितीही असो, आणि त्या बदल्यात तोलाई कमी करू. खूश कोण होईल? ट्रकवाला. दोन पिशव्या डोक्यावर आणलेली म्हातारी फाटकातूनच परत जाईल.

आता मुख्य मुद्दा. आकार ठरावीक केला की माणूस बचत का सोडतो, हे आपल्या शेतकऱ्यांना कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. आपण ते स्वतः करून बसलोय.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला महाराष्ट्रात शेतीपंपाला मीटरऐवजी एचपीवर बिल सुरू झालं. पाच एचपीची मोटार, एचपीमागं अमुक रुपये, संपलं. रीडिंगची कटकट नको म्हणून आपल्याला बरं वाटलं, मंडळालाही बरं वाटलं. मी नव्वदच्या दशकात वडिलांच्या हाताखाली शेती बघायला लागलो तेव्हा आमच्या विहिरीवर पाच एचपी होती. एचपीवर बिल. मी काय केलं? ऑटो स्विच बसवला. रात्री लाईट आली की मोटार आपोआप चालू. सकाळी जाऊन बघावं तर पाणी बांध फोडून ओढ्याला लागलेलं. खिशातून एक रुपया जादा गेला नाही, मग उठतंय कोण रात्री? कॅपॅसिटर बसवा म्हणून सांगायचे. बसवला नाही. जळकी मोटार चार वेळा रिवाइंड करून वापरली. ती करंट जास्त खायची, पण बिलात दिसत नव्हतं. सगळ्यांच्या ऑटो मोटारी एकदम चालू व्हायच्या, डीपी जळायची, मग पंधरा दिवस गावाला पाणी नाही.

आमच्या भावकीतल्या एकानं 2000 च्या आसपास ठिबक केलं. मोटार निम्मे तास चालायला लागली. बिल किती कमी झालं? एक पैसाही नाही. त्यानं पाणी वाचवलं ते स्वतःच्या समजुतीनं, दरानं त्याला काही दिलं नाही. बाकीचे बघून म्हणाले, कशाला खर्च करायचा? आमच्या शिवारात ठिबक दहा वर्षं उशिरा आलं, त्याला एचपीचं बिल हे एक कारण आहे, असं माझं मत आहे. कृषी खात्यातली मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी आपापल्या गावचा अनुभव आठवून बघावा.

ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीचंही तेच. वर्षाची एक ठरलेली रक्कम, मग नळाला तोटी कशाला? गावात फिरून बघा, किती नळ तोटीशिवाय वाहतात.

माणूस वाईट नसतो हो. जे वाचवल्यानं काही वाचत नाही, ते तो वाचवत नाही, एवढंच.

हे ऐकून काही जण म्हणतील की फुकट मोटारीचंही तसंच आहे. बरोबर. आपल्याला आवडणार नाही, पण फुकट वीज हेसुद्धा एका अर्थानं एचपीचंच बिल, फक्त रक्कम शून्य. ती योजना काढा असं मी म्हणत नाही. कांद्याचा भाव पडल्यावर बिल भरणं काय असतं ते मला माहीत आहे. पण पंजाबात 2018 साली एक योजना आली, पाणी वाचवा पैसे कमवा. शेतकऱ्याला ठरावीक युनिट द्यायचे आणि त्यातले जेवढे वाचवेल त्या प्रत्येक युनिटमागं 4 रुपये त्याच्या खात्यात. फुकटही राहिलं आणि वाचवायला कारणही मिळालं. असं काही इथं मागितलं पाहिजे. 2029 नंतर काय होणार ह्याचा विचार आजच करा, नाहीतर पुन्हा एचपीवर आणून बसवतील.

आता सौरकडं येतो.

मी घरावर 3 किलोवॉटचं सौर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, तेवढं मिळालं, बाकीचे पदरचे. किलोवॉटमागं दिवसाला चारेक युनिट धरा, पावसाळ्यात कमी. दिवसा जादा झालेली वीज लाईनला जाते, रात्री आपण लाईनवरून घेतो, शिल्लक युनिट पुढच्या महिन्याला. आता माझं युनिटचं बिल बहुतेक महिने शून्य येतं आणि स्थिर आकार येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाईन वापरतो, मीटर वापरतो, वाजवी पैसे दिलेच पाहिजेत. माझी तक्रार पुढच्या गोष्टीवर आहे.

वीज वितरण कंपन्यांच्या दरवाढीच्या अर्जात एक मुद्दा परत परत येतो. आमचा बहुतेक खर्च ठरावीक आहे, तारा, खांब, पगार, कर्जाचे हप्ते. पण वसुली युनिटवर होते. सौरमुळं युनिट कमी खपले की आमचं नुकसान. म्हणून स्थिर आकार वाढवा. ऐकायला सरळ वाटतं. ते केलं तर काय होईल ते हिशेबानं बघू.

समजा, हं, समजा, स्थिर आकार 128 चा 400 केला आणि 100 युनिटवाल्याचं बिल तेवढंच राहावं म्हणून युनिट स्वस्त केलं. 2024-25 च्या दरानं त्याचं बिल 588 अधिक 128, म्हणजे 716. नवीन हिशेबात 400 अधिक 316. म्हणजे युनिट पडलं 3 रुपये 16 पैशाला. वरून बघितलं तर कुणाचंच काही गेलं नाही. पण आता:

1) 40 युनिटवाल्या माझ्या भाडेकरू पोरांचं बिल 363 वरून 526 झालं.

2) ज्याचा वापर जास्त, त्याला युनिट जवळजवळ निम्म्या दरात. तो एसी बंद का करेल?

3) सौरवाल्यानं 100 युनिट तयार केले तर आधी 588 वाचत होते, आता 316. आठ वर्षांत पैसे फिटणारं सौर पंधरा वर्षांवर गेलं.  मग कोण बसवेल?

म्हणजे एका हातानं 78,000 अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हातानं ते फिटूच द्यायचं नाही. बी वाटायचं आणि पाणी तोडायचं.

दुसरी बाजूही मांडतो, कारण आपल्यात इंजिनियर मंडळी आहेत, ती लगेच धरतील.

ते म्हणतात, सौरवाला लाईनचा बँकेसारखा वापर करतो आणि तिचा खर्च ज्याच्याकडं सौर नाही त्या गरिबावर पडतो. ह्यात तथ्य आहे. पण उपाय काय सांगतात? सगळ्यांचाच स्थिर आकार वाढवा! तो तर सर्वात जास्त त्याच गरिबाला लागतो, वरचा हिशेब बघा. गरिबाचं नाव पुढं करून गरिबाच्याच खिशात हात.

ते म्हणतात, खांब-तारांचा खर्च वापरावर अवलंबून नाही. एका वर्षापुरतं खरं. पण डीपी 63 ची 100 केव्हा करावी लागते? भार वाढला की. नवीन उपकेंद्र कधी लागतं? संध्याकाळी सात वाजता सगळ्यांचं एकदम चालू झालं की. म्हणजे आज ठरावीक दिसणारा खर्च हा कालच्या वापरातूनच आलेला असतो. जो वापर वाढवतो तो उद्याचा खांब उभा करायला लावतो. जो जपून वापरतो तो तो खर्च टाळतो. त्याला दंड कशाचा?

आणि मोठा खर्च खांबांचा नाहीच, वीज खरेदीचा आहे. औष्णिक केंद्रांशी करार असतात, त्यात वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यावे लागतात. जेसीबी महिन्यावर ठरवला, काम आठ दिवसांचं निघालं, तरी भाडं महिन्याचं. पण जेसीबी महिन्यावर ठरवला कुणी? करार करणाऱ्यानं अंदाज चुकवला तर त्याची भरपाई पंखा जपून वापरणाऱ्यानं का करायची?

आपल्याच भागातलं एक जुनं उदाहरण देतो. 2005-06 ला भारनियमन किती भयंकर होतं आठवतंय ना? 2006 ला पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांसाठी तोडगा निघाला. कंपन्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यांनी लाईनवरून कमी घेतलेली वीज शहराला द्यायची, आणि जनरेटरचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून घ्यायचा. शहराचं भारनियमन थांबलं. आपण इकडं अंधारात बसून भोसरीचे दिवे बघत होतो, ते दुःख वेगळं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तो जादा आकार युनिटवर लावला होता. जास्त वापरणाऱ्यानं जास्त दिला. म्हणजे जादा खर्च वापरावर वसूल करता येतो, हे ह्याच जिल्ह्यात करून झालंय.

बाहेरचंही थोडं सांगतो. स्पेनमध्ये 2015 साली घरच्या सौरवर आकार लावला, लोक त्याला सूर्यावरचा कर म्हणायचे. 2018 ला तो रद्द करावा लागला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मे 2024 मध्ये महिन्याला सुमारे 24 डॉलरचा स्थिर आकार मंजूर झाला आणि युनिट स्वस्त केलं. पण तिथंसुद्धा कमी उत्पन्नवाल्यांना 6 आणि 12 डॉलरच ठेवले. म्हणजे सरसकट आकार गरिबाला जड जातो हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

आणि कायदा काय म्हणतो? 2003 च्या वीज कायद्याचं कलम 45 स्थिर आकार घ्यायला परवानगी देतं. बरोबर. पण दर कसे ठरवायचे हे कलम 61 सांगतं. त्यात खर्चाची वाजवी वसुली आहे, तसंच काटकसरीनं वापर, ग्राहकाचं हित आणि अपारंपरिक ऊर्जेला चालनाही आहे. मी दहावी पास माणूस. पण एका कलमातलं एकच वाक्य वाचायचं आणि बाकीची सोडायची, हे सातबाऱ्यात चालत नाही तर कायद्यात कसं चालेल?

2020 च्या टाळेबंदीत आयोगानं उद्योग आणि व्यापारी ग्राहकांना स्थिर आकार तीन महिने पुढं ढकलायची सवलत दिली होती. चांगलं केलं. माझ्या सहा खोल्यांतली सगळी पोरं तेव्हा गावाला निघून गेली. पाच महिने कुलपं. एक बल्ब लागला नाही. सहा मीटर, महिना 100 रुपये, पाच महिने, 3000 रुपये भरले. भाडं शून्य. खोल्या घरगुती दरात म्हणून त्या सवलतीत बसत नव्हत्या. तेव्हापासून ही ओळ माझ्या डोळ्यात आहे.

मग पाहिजे काय? नुसतं नको नको म्हणणाऱ्यातला मी नाही.

एक, स्थिर आकार मीटर, बिल छापणं, घरापर्यंतची सर्व्हिस वायर, एवढ्याच खर्चापुरता ठेवावा.

दोन, महिन्याला 50 युनिटच्या आत असलेल्यांना आणि बंद घरांना तो नाममात्र असावा.

तीन, बाकीची वसुली वेळेवर करावी. संध्याकाळचं युनिट महाग, दुपारचं स्वस्त. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसा वापरासाठी सवलत सुरू झाली, ती दिशा बरोबर आहे. संध्याकाळी खरोखर भार टाकणाऱ्याकडून घ्या, सौरवाला असला तरी. मी द्यायला तयार आहे.

चार, छतावरच्या सौरवर ग्रीड सपोर्टचा वेगळा आकार राज्यात 5000 मेगावॉट होईपर्यंत लावायचा नाही, असं ठरलेलं आहे. तो शब्द पाळावा, आणि मागच्या दारानं स्थिर आकार वाढवून मोडू नये.

पाच, शेतीपंपाला वाचवलेल्या युनिटचा मोबदला द्यावा.

आता आपलं काम. दर ठरवायच्या आधी वीज नियामक आयोग जाहीर सूचना काढतो, पेपरात येते. कुणीही हरकत देऊ शकतो, मराठीत लिहिलेली चालते, पुण्यात सुनावणी होते. 2025 ला काय झालं आठवा. 28 मार्चला आदेश आला, 2 एप्रिलला आयोगानंच स्थगिती दिली, 25 जूनला बदललेला आदेश आला. तीन महिन्यांत आदेश फिरतो, कारण कुणीतरी कागद घेऊन तिथं उभं असतं. तो कुणीतरी आपल्यातला का नसावा? भाषण येत नसेल तर नुसती बारा महिन्यांची बिलं जोडा आणि दोन ओळी लिहा: माझा वापर एवढा, माझा स्थिर आकार एवढा, मी वाचवलं तरी मला काय मिळालं?

आज घरी गेल्यावर एक करा. मागच्या बिलातला स्थिर आकार भागिले युनिट. जो आकडा येईल तो गावाच्या नावासह इथं खाली लिहा. पन्नास-शंभर आकडे जमले की मी तक्ता करून हरकतीला जोडतो. नाव नको, ग्राहक क्रमांक तर मुळीच नको, फक्त आकडा आणि गाव.

एचपीच्या बिलानं आपल्या विहिरी कशा आटल्या ते आपण बघितलंय. तीच चूक घराच्या मीटरवर होताना गप्प बसलो तर दोष दुसऱ्याला देता येणार नाही.

चला, रोपावर फवारा मारायचाय. ऊन आहे तोवर उरकतो.

राम राम.